कासवाचे चार पंख

मनोहरभाऊंच्या चक्कीवर गहू दळायला नेले, की आधी तोंडी परीक्षा द्यावी लागते. "कासवाले पंख किती?" उत्तर चुकलं तर तुमचा डबा रांगेत शेवटी. बरोबर उत्तर चार. मी शाळेत शिकवतो, तेव्हा बदली होऊन सानगडीत आल्या आल्या "कासवाला पंख नसतात" असं शहाणं उत्तर दिलं आणि दुपारभर पिठात न्हाऊन निघालो.

हे कासव 'कोहरे का किला' नावाच्या कार्टूनमधलं. भाऊंच्या लहानपणी ते रविवारी सकाळी ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर लागायचं. आज भाऊंना जावई आला, पण त्यांच्या लेखी त्यानंतर जगात काही चांगलं घडलेलं नाही. हल्लीची कार्टून दिसली की ते कपाळाला हात लावतात. "नुसते उड्या मारून राहिले! यायले लिहिणारा भेटला नाई काय?"

लिहिणाऱ्यांवर त्यांची भक्ती भारी. वीज गेली, भाजी खारट झाली, जावयाची गाडी पंक्चर झाली, सगळ्याला एकच तोडगा: "लिहिणाऱ्यानं सोचूनच लिवलं असन." ज्यांची ही आरती, त्यांची नावं मात्र त्यांना ठाऊक नव्हती. नावं यायची वेळ झाली, की पंचायतीचा शिपाई टीव्हीच्या पेटीला कुलूप घालायचा. त्यामुळे भाऊंनी मनातल्या मनात दाढीवाले ऋषी बसवून टाकले होते.

शेवटचा भाग तर गावात कोणीच पाहिला नाही. त्या रविवारी वानरांनी अँटेना मोडला. किल्ल्याचं कोसळणारं दार पाठीवर पेलणारं ते कासव बाहेर येतं की आतच मरतं, यावर भाऊंची आणि त्यांच्या थोरल्या भावाची, शंकरभाऊंची जुंपली. थोरले म्हणत, बाहेर येते. धाकटे म्हणत, मरते. मिशा फुटल्या तरी वाद मिटला नाही. पुढे धुऱ्यावरचा, म्हणजे दोघांच्या शेतांमधल्या बांधावरचा आंबा शंकरभाऊंनी न विचारता तोडला आणि दोघांचं बोलणंच बंद झालं.

मग वाटणी झाली, घराच्या मधोमध भिंत आली. वरचं कवेलूचं, म्हणजे कौलांचं छप्पर कापायची मात्र कोणाची छाती झाली नाही, म्हणून भिंतीच्या माथ्यावर हातभर फट राहिली. इकडे फोडणी दिली की तिकडे ठसका लागतो. अबोला तेवढा एकदम चिरेबंदी!

परवा मला ते कार्टून मोबाइलवर सापडलं, शेवटच्या भागासकट. मी मोठ्या ऐटीत भाऊंच्या ओसरीवर जाऊन सतरंजीवर बसलो. आता जन्मभर आपलाच डबा पहिला, असा हिशोब.

"पहिले नावं दाखवा, गुरुजी."

दाखवली. सगळी नावं बायकांची! आतून वहिनी फस्सकन हसल्या. भाऊंनी मोबाइलला हात जोडले.

"लावू ना?" मी विचारलं.

"मी एकटा कसा पाहू?" ते हळूच म्हणाले. "अर्धा वाद त्याचा हाय ना."

माझी सगळी थट्टा तिथेच विरली. हा माणूस इतकी वर्षं कोणाची वाट पाहत होता, ते आत्ता मला कळलं आणि वाईट वाटलं.

"मग बोलवा की त्यांना."

"मी कायले बोलावू? आंबा त्यानं तोडला."

एवढं बोलून त्यांनी मला शेवटचा भाग सुरू करायला सांगितला, मोबाइल माझ्या हातातून घेतला, आवाज पूर्ण वाढवला आणि टाचा उंचावून तो भिंतीच्या फटीपाशी धरला. चित्र कोणालाच दिसत नव्हतं. सुरुवातीची तुतारी वाजली. पलीकडे खाटेची करकर चालली होती, ती थांबली. भाऊंचा हात भरून आला, तरी खाली येईना. शेवटी किल्ल्याचं दार कडकडलं. भाऊंनी डोळे घट्ट मिटले.

"मन्या, थांबव बे!" पलीकडून शंकरभाऊंचा आवाज आला. "मी येऊन राहिलो."

"थांबवा गुरुजी, लवकर थांबवा," भाऊंनी मोबाइल माझ्याकडे दिला. मग मला सतरंजीवरून उठवून त्यांनी ती जागा हातानं झटकली.