कारणाचा रकाना

इस्पितळाच्या रेकॉर्ड रूमला एकदा शिस्त लावायची, एवढंच मी ठरवलं होतं. ते माझ्याच संसारावर बेतेल, हे मला कोणी सांगितलं नाही. (मला सांगण्याची गरज नव्हती, असं आता सगळे म्हणतात.)

झालं असं की, आमच्या एका सर्जनसाहेबांना मूळव्याध निघाली. सकाळी त्यांची फाईल कपाटात गेली आणि दुपारी ते चहाला आले, तर खुर्चीवर उशी. संध्याकाळपर्यंत सात उशा जमल्या. अधीक्षक खवळले. मला बोलावून म्हणाले, "ज्याला गरज, त्यालाच माहिती! बाकी कोणाला वासही लागता कामा नये."

मी मनावर घेतलं. तीस वर्षं फायलींची धूळ खाल्लेल्या माणसाला अशी संधी पुन्हा येत नाही. प्रत्येक फाईलला लाल पट्टी बांधली. वर फक्त नाव आणि नंबर. विभाग, आजार, डॉक्टर सगळं आत. काउंटरवर रजिस्टर ठेवलं, त्यात 'कारण' असा रकाना आखला आणि मान्य कारणं चारच, ती भिंतीवर टांगली. किल्ली दिली माझ्या सहकारी बाईंकडे. त्यांनी ती अशी सांभाळली, की लोक त्यांना कुलूपताईच म्हणू लागले. खुद्द अधीक्षकांना त्यांच्या सासूबाईंची फाईल आम्ही दिली नाही. (ते मनातून सुखावले असावेत.)

आणि एका मंगळवारी, रॅकवर लावायच्या गठ्ठ्यात माझ्या बायकोची फाईल निघाली.

नाव तिचं, आडनाव माझं, पट्टी लाल. हिला काय झालंय? आणि मला का नाही सांगितलं? घरी गेल्यागेल्या मी सहज विचारल्यासारखं विचारलं,

"आज काही विशेष?"

"दूध नासलं."

"आणखी काही?"

"आणखी काय काय नासायला हवं होतं?"

सरळ विचारायची सोय नव्हती. फाईलवर जे दिसलं ते कोणापाशीही, खुद्द पेशंटपाशीसुद्धा, बोलायचं नाही, हा नियम क्रमांक सात. अक्षर माझंच. त्या एका नियमापायी मी दोन वॉर्डबॉयना लेखी ताकीद दिली होती.

मग मी न विचारता काळजी घेऊ लागलो. भांडी घासली. (दोन फुटली.) तिच्यावर आवाज चढवायचा नाही, असं ठरवून आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलावं तसं हळू बोलू लागलो. ती कामं टाकून माझ्या तोंडाकडे टक लावून बघायची, मग तिचा चेहरा पडायचा. ती निरोपाचीच नजर, याबद्दल मला शंका उरली नाही.

पुढच्या मंगळवारी तीच फाईल पुन्हा आली. थोडी जाड झाली होती. मी आवाज आणखी खाली आणला. त्याच्या पुढच्या मंगळवारी ती अंगठ्याएवढी जाड झालेली बघितली आणि माझा धीर सुटला. रजिस्टर ओढलं आणि रकान्यात लिहिलं : 'नवरा.'

कुलूपताईंनी चष्मा लावून वाचलं. "हे कारण यादीत नाही, साहेब."

"यादी मी केली आहे, बाई!"

"म्हणून तर म्हणते. घरी विचारा ना."

"घरी विचारलं तर मला कळलंय हे तिला कळेल!"

"मग ते सातव्या नियमात बसत नाही," असं म्हणून त्यांनी किल्ली कमरेला खोचली. मी त्यांच्यासमोर हात जोडून उभा होतो. पंचवीस वर्षांच्या संसाराचा प्रश्न होता. पण मीच शिकवलेली बाई, ती कशाला हलते!

तेवढ्यात काउंटरवर बायकोच उभी. "माझी फाईल हवी. डॉक्टर म्हणाले, पेशंटला स्वतःची बघता येते."

येते. पण अर्ज लागतो. मी तिला अर्ज दिला, पत्ता लिहायला लावला, (माझाच पत्ता, मी पडताळून घेतला), सही घेतली. तिने पट्टी सोडली. मी डोळे मिटले.

"दोन्ही कान उत्तम," ती वाचत होती. "तीन वेळा तपासले. टाचणी पडलेलीही ऐकू येते."

"कान?" मी डोळे उघडले.

"हो, कान. शेजारीण ऐकू येते, रेडिओ ऐकू येतो, तुम्हीच तेवढे ऐकू येत नव्हता. वर्षभर अधूनमधून, आणि या दोन आठवड्यांत तर नुसते ओठ हलायचे. म्हटलं, गेले कान!"

"मग मला सांगायचं नाही?"

"'तुला ऐकूच येत नाही' असं दिवसातून चारदा म्हणता. तुम्ही जिंकला असता ना! हे बघा, खाली डॉक्टरांनी लिहिलंय : 'कानात दोष नाही. सदर आवाज ऐकण्याची गरज वाटत नसावी.'"

कुलूपताई भिंतीवरच्या यादीकडे बघत म्हणाल्या, "गरज नाही, तर माहिती नाही. नियमाला धरूनच आहे."

मला त्याचं काही वाटलं नाही. दोन आठवड्यांचं ओझं उतरलं होतं. काउंटरवर वाकून मी म्हणालो, "फार घाबरलो होतो गं. तू नसलीस तर माझं काही खरं नाही."

मागे रांगेत उभ्या असलेल्या नर्सने डोळे पुसले. औषधांच्या खिडकीपर्यंत बातमी दोन मिनिटांत गेली. दुपारच्या चहाला माझ्या खुर्चीवर सात रुमाल होते आणि अधीक्षकांनी नियम सात मोडल्याबद्दल मला लेखी ताकीद दिली.

साऱ्या इस्पितळाला कळलं. जिला कळायची गरज होती, तिने तेवढं फाईलमधून डोकं वर काढून विचारलं,

"काही म्हणालात का?"