मानपानाची बॅच फाइल

ऑफिसातल्या नऊ कॉम्प्युटरमध्ये एक नवा प्रोग्रॅम टाकायचा होता, आणि तो खुर्चीवरून न उठता टाकायचा असं मी ठरवलं. एवढंच. पुढं जे काही झालं ते या एका निर्णयामुळं झालं, आणि तरीही निर्णय बरोबर होता असं माझं आजही ठाम मत आहे. (हे मत घरात दुसऱ्या कुणाचं नाही. ऑफिसात तर नाहीच नाही.)

साल एकोणनव्वद. आमचा संघ म्हणजे संत्रा बागायतदारांचा सहकारी संघ. बागायतदारांची बिलं आणि व्यापाऱ्यांची पत्रं हे आमचं मुख्य काम, चहा हे जोडकाम. त्या वर्षी संघानं कॉम्प्युटर घेतले. एक मोठा, त्याला सर्व्हर म्हणायचं, आणि बाकीचे काळ्या वायरीनं त्याला जोडलेले. मी नागपुरात सीताबर्डीवर रविवारचा कॉम्प्युटरचा क्लास केला होता, त्यामुळं या विषयात संघात माझ्यापेक्षा जास्त कुणाला कळत नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याइतकंही कुणाला कळत नव्हतं, आणि आत्मविश्वासाला एवढं पुरतं.

नवा प्रोग्रॅम फ्लॉप्यांवर आला. एक एक टेबल गाठायचं, तिथं बसून फ्लॉप्या आत घालायच्या, बाहेर काढायच्या, की पुढचं टेबल, ही झाली अडाणी पद्धत. शास्त्रशुद्ध पद्धत म्हणजे बॅच फाइल. म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेली कामांची चिठ्ठी. सकाळी माणसानं बटण दाबलं की कॉम्प्युटर ती चिठ्ठी वाचतो, सर्व्हरकडून प्रोग्रॅम स्वतः आणतो आणि आपल्या पोटात ठेवतो. आपण चहा प्यायचा.

साहेबांना मी हे समजावून सांगितलं. साहेब खूश झाले. म्हणाले, "शनिवारी अध्यक्ष येताहेत बघायला. सगळी यंत्रं नव्या प्रोग्रॅमवर चालली पाहिजेत. जमलं तर संगणक-प्रमुखाची जागा भरायची आहे. केबिन आहे, केबिनला कूलर आहे."

"आणि नाही जमलं तर?" मी हसत विचारलं.

"वरुडच्या डेपोला माणूस हवाच आहे," साहेब न हसता म्हणाले.

नंदनवनात आमचं नवं घर नुकतंच उभं राहिलं होतं. स्वयंपाकघराच्या ओट्याचा रंग बायकोनं, म्हणजे गोपिकानं, तीनदा बदलून घेतला होता. ते घर सोडून वरुडला जाऊन संत्र्याच्या पेट्या मोजायच्या ही कल्पनाच मला सहन होईना. पण काळजी नव्हती. बॅच फाइल माझ्या खिशात होती.

गुरुवारी सकाळी प्रयोग केला. वायर ज्या क्रमानं गेली होती त्या क्रमानं प्रोग्रॅम गेला. वायरीवर पहिला नंबर रामाजीचा. रामाजी आवक-जावक बघायचा, सगळ्यांत नवा, म्हणून त्याचं टेबल संडासाच्या दारापाशी, आणि सर्व्हरही तिथंच ठेवलेला. रामाजीच्या पडद्यावर निळाशार नवा प्रोग्रॅम उजाडला. तो आनंदानं ओरडला आणि हिशेब विभागाचे बाबाराव, संघात वीस वर्षं काढलेले, टेबलामागून उठून उभे राहिले.

"रामाजीले आधी अन् मले मागून? काहून गा मनोहरराव?"

"वायर तशी आहे जी," मी म्हणालो.

"वायर कोनं टाकली? मान वायरीनं ठरते काय? चहा तं पहिले माह्या टेबलावर येते!"

मी त्यांना समजावून सांगू लागलो की विजेला वय कळत नाही. हे वाक्य मी बोलायला नको होतं. दुपारपर्यंत निम्म्या ऑफिसनं कॉम्प्युटर बंद करून ठेवले. रामाजीनं तर घाबरून स्वतःचा निळा पडदा पिशवीनं झाकला. मला मुकाट्यानं सगळं पुन्हा जुन्या प्रोग्रॅमवर आणावं लागलं.

घरी येऊन मी गोपिकाला सगळं सांगितलं. ती वांगी चिरत होती.

"बरोबर बोलले बाबाराव," ती म्हणाली. "लग्नात आहेर कसा देतात? मोठ्यायले पहिले, मंग लहान्यायले. तुमी नवरदेवाच्या मित्राले पहिले टोपी घातली अन् मामाले ताटकळत ठेवलं. तो रुसन नाही तं काय करन?"

"अवं, पण तो कॉम्प्युटर होय."

"कॉम्प्युटरपुढं बसते तो तं मानूस होय ना?"

क्लासातल्या सगळ्या रविवारांत मला जे सुचलं नव्हतं ते वांग्याची फोड पाण्यात पडेपर्यंत सुचलं. त्याच संध्याकाळी नवी बॅच फाइल लिहिली. तिच्यात प्रत्येक कॉम्प्युटर आधी बघणार, आपल्या वरच्याचं काम झालं का? झालं असेल तर प्रोग्रॅम घेणार. नसेल तर पडद्यावर लिहून येणार : "कृपया थांबा, वरिष्ठांचं चालू आहे." (इंग्रजी अक्षरांत लिहावं लागलं, पण नम्रता तीच.) शिवाय लोक जुन्या प्रोग्रॅमला चिकटून बसू नयेत म्हणून पहिल्याच ओळीत जुना प्रोग्रॅम पुसून टाकायची सोय केली. आत्मविश्वास असला की माणूस परतीचं तिकीट काढत नाही.

शुक्रवारी मी नोटीस लावली : शनिवारी सकाळी सर्वांनी आपापले कॉम्प्युटर सुरू करावेत, प्रोग्रॅम सेवाज्येष्ठतेनुसार येईल. खाली यादी. बाबारावांनी यादी दोनदा वाचली, आपलं नाव दुसरं पाहिलं आणि मला पान खाऊ घातलं. "आता मशीनले वळन लागलं," ते म्हणाले.

यादीत पहिलं नाव चंपतरावांचं.

चंपतराव म्हणजे ऑफिसचे सुपरिंटेंडंट आणि गोपिकाचे मोठे काका. घरात सगळे त्यांना मोठेबाबा म्हणत. माझं लग्न त्यांनी जमवलं, नोकरी त्यांनी लावली, आणि या दोन्ही गोष्टी ते मला विसरू देत नसत. बाबारावांना कॉम्प्युटर मिळाला आणि सुपरिंटेंडंटला नाही हे बरं दिसलं नसतं, म्हणून त्यांच्याही टेबलावर एक ठेवला होता. त्यावर त्यांच्या बायकोनं, म्हणजे मोठ्या आईनं, विणलेला लोकरीचा रुमाल, रुमालावर प्लास्टिकच्या फुलांची कुंडी. आल्यापासून तो कॉम्प्युटर एकदाही सुरू झाला नव्हता. हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि लक्षात असणं यांत फरक आहे.

शनिवारी साडेदहाला ऑफिसभर बटणं दाबली गेली. जुना प्रोग्रॅम सगळीकडून पुसला गेला. आणि आठही पडद्यांवर एकच ओळ आली : कृपया थांबा, वरिष्ठांचं चालू आहे.

वरिष्ठ खुर्चीवर सुपारी कातरत बसले होते. त्यांचं काहीच चालू नव्हतं.

मी गेलो. "मोठेबाबा, जरा मशीन चालू करता का?"

"काहून?"

"तुमचं झाल्याबिगर कोनाचंच होत नाही."

"बरोबर हाये," ते म्हणाले आणि सुपारी तोंडात टाकली.

"मंग मी चालू करून देऊ?"

"हात लावू नोको! जवाई असशील तं घरी." त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "तू नोटीस लावली ना? मले नोटीस! मी काय भाडेकरू आहो? घरचं कार्य असलं तं मोठ्या मानसाले अक्षत घेऊन बोलवाले येतात. तू भिंतीवर कागद डकवला."

"कार्य नाही जी, प्रोग्रॅम होय."

"प्रोग्रॅम म्हंजे कार्यच होय ना गा?"

तुम्ही म्हणाल, बॅच फाइलमधून त्यांच्या नावाची ओळ खोडून टाकायची, काम संपलं. मलाही ते सुचलं होतं. पण भर ऑफिसात, स्वतःच्या काकासासऱ्याचं नाव मानाच्या यादीतून खोडायचं? प्रोग्रॅम चालला असता, पण संसार बंद पडला असता. एकदा सर्व्हरपाशी जाऊन बोटं वळवळवली. मोठेबाबा लांबून बघत होते. मी परत आलो.

एव्हाना ऑफिस ठप्प झालं होतं. बाहेर बागायतदार बिलांसाठी उभे, आत लोक हाताची घडी घालून पडद्यांपुढं. साहेब केबिनमधून बाहेर आले. "मनोहरराव, अध्यक्षांची जीप काटोल रोडला लागली. वरुडची बस किती वाजता असते?" त्यांनी हे माहितीसाठी विचारलं नव्हतं.

 आमच्या घराशेजारच्या सिंधूताईंकडं फोन होता, मी त्यांना फोन लावला आणि गोपिकाला बोलावून घेतलं. रिक्षानं ती आली तेव्हा तिच्या हातात पितळी तबक होतं. तबकात कुंकवात माखलेल्या अक्षता, नारळ, दुपट्टा आणि टोपी. (टोपी माझी होती, वास्तुपूजेला मिळालेली, न घातलेली.)

तिनं माझ्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. थेट मोठेबाबांपुढं वाकली. "मोठेबाबा, आमच्याइथं कार्य हाये. तुमी आल्याबिगर कसं होईन? येनं करा बापा."

"तुह्या नवऱ्यानं नोटीस लावली वं."

"त्यायले काय समजते? तुमीच पाहून देलं होतं मले हे स्थळ. आता सांभाळून घ्या."

मोठेबाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण कारण वेगळं होतं. गोपिकानं त्यांना कुंकू लावलं, टोपी घातली, दुपट्टा खांद्यावर टाकला. नेमके त्याच क्षणी अध्यक्ष गणपतराव आत आले. काटोलचा सहा फुटी शेतकरी माणूस, जन्मभर उद्‌घाटनं केलेला. टोपी, दुपट्टा, नारळ दिसताच त्यांना वाटलं आपल्याचसाठी सगळं थांबलं आहे. त्यांनी तबकातला नारळ उचलला आणि फोडायला टणक काही मिळतं का म्हणून बघितलं. सगळ्यांत टणक वस्तू सर्व्हर होती.

मी सर्व्हरला मिठी मारली. दोन्ही हातांनी, गच्च, डोळे मिटून. अध्यक्ष बुचकळ्यात पडले. साहेबांनी त्यांना हलकेच दाराच्या पायरीकडं वळवलं आणि नारळ तिथं फुटला.

मग मोठेबाबांनी लोकरीचा रुमाल स्वतःच्या हातानं काढला आणि घडी केली. बटण सापडायला वेळ लागला. मला हात लावायची परवानगी नव्हती, म्हणून मी लांबून बोट दाखवत होतो. "खालचं, मोठेबाबा. अजून खालचं. तो टेबलाचा खिळा होय." बटण दाबलं तरी काही होईना, कारण प्लगच्या जागी त्यांचा टेबलफॅन लावला होता. फॅन निघाला, प्लग लागला, आणि त्या कॉम्प्युटरनं जन्मात पहिल्यांदा डोळे उघडले.

सर्व्हर घरघरला. मोठेबाबांच्या पडद्यावर निळा रंग आला. मग बाबाराव. मग त्यांच्या मागचे, मग त्यांच्याही मागचे, पंगतीत वाढप्या पुढं सरकावा तसा प्रोग्रॅम टेबलामागून टेबल पुढं गेला, कुणाचा मान न मोडता. शेवटी संडासापाशी रामाजीनं हात वर केला. "मले पोचलं जी!"

टाळ्या वाजल्या. माझी छाती फुगली. काही म्हणा, खुर्चीवर बसून लिहिलेल्या एका चिठ्ठीनं नऊ यंत्रं एका सुरात चालली होती. नागपुरात असं काम दुसऱ्या कुणी केलं असेल असं मला वाटत नव्हतं.

गणपतरावांना तर ते फारच आवडलं. "मशीन असून मोठ्या-लहान्याचं समजते! हे चांगलं केलं. काय सायेब, ते प्रमुखाची जागा भरायची होती ना?"

"हो," साहेब माझ्याकडं बघत म्हणाले. मी कॉलर सरळ केली.

"मंग यादी आना. पहिलं नाव कोनाचं?"

यादी भिंतीवरच होती. माझ्या अक्षरात.

चंपतराव संगणक-प्रमुख झाले. केबिनमध्ये गेले, कूलर सुरू करून घेतला, आणि अध्यक्षांच्या देखत पहिला हुकूम सोडला. वरुडच्या डेपोत नवीन कॉम्प्युटर आले आहेत, त्यांत हाच प्रोग्रॅम टाकायला माणूस पाहिजे.

"मनोहररावले पाठवा," ते म्हणाले. "घरचा मानूस होय, नाही म्हननार नाही. फ्लॉप्या घेऊन जा गा, एकेका टेबलावर बसून हातानं टाकून ये. ते चिठ्ठीबिठ्ठी नोको. तिकडं कोन मोठा, कोन लहान, आपल्याले काय मालूम? अन् काम झालं तरी लगेच येऊ नोको, तिथल्या लोकायले शिकव. दोन-चार महिने लागतीन."

सोमवारी सकाळी मी वळकटी बांधत होतो. गोपिका अंगणात सगळ्या गल्लीला पेढे वाटत होती. मी खिडकीतून ऐकलं, सिंधूताई तिला विचारत होत्या, "पेढे कायचे वं गोपिका? मनोहरराव प्रमुख झाले काय?"

"आमचे मोठेबाबा झाले!" गोपिका आनंदानं म्हणाली.

"अन् तुह्या घरचे?"

"ते वरुडले जाऊन राहिले. मोठेबाबांनीच पाठवलं." तिनं सिंधूताईंच्या हातावर आणखी एक पेढा ठेवला. "काही म्हना ताई, ऑफिसात आपला मानूस वर असला का लय बरं असते."