तोंडानं सोड, हातानं नको

नाशकात द्वारकेच्या सिग्नलला एस्तेरमावशीनं एकदा चालती रिक्षा हात आडवा करून थांबवली. रिक्षावाला चाळिशीचा, चांगला मिशीवाला. मावशी सत्तरीची, हातात मेथीची जुडी. मागं हॉर्नचा नुसता कल्ला. मावशीनं जुडी त्याच्या छातीला लावून विचारलं, "शमुवेल, तुझ्या वतीनं मी सैतान सोडलाय ना? मग सिग्नल का तोडलास?"

शमुवेल खाली मान घालून म्हणाला, "चुकलं, मावशी."

हे कळायला आमच्यातला बाप्तिस्मा माहीत पाहिजे. तान्ह्या लेकराला बोलता येत नाही, म्हणून पाळकसाहेब प्रश्न त्याच्या आईबापाला आणि धर्ममातेला विचारतात. "सैतान आणि त्याची सगळी कामं सोडता काय?" म्हणायचं, "सोडतो." मग, "प्रभू येशूवर विश्वास धरता काय?" म्हणायचं, "धरतो." मग लेकराच्या डोक्यावर पाणी, रजिस्टरात सही आणि घरी केक. बाकीच्या धर्ममाता केक खाऊन विसरतात. मावशी विसरत नाही. दवाखान्यात आया होती तेव्हापासून ज्यांच्या ज्यांच्या वतीनं तिनं सैतान सोडला, त्यांतल्या कुणी तो परत धरला का, हे बघत ती नाशिकभर फिरते. एकाच्या वरातीत शिरून तिनं नवरदेवाच्या तोंडाचा वास घेतला होता. "सही माझी आहे," एवढंच तिचं म्हणणं.

मी परभणीकडचा. आठवीत शाळा सोडली. आयुष्यात तेवढंच एक नीट सोडता आलं. द्वारकेजवळ ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाली करतो. आमची लेक कृपा झाली तेव्हा इथं आपलं म्हणावं असं कुणी नव्हतं. धर्ममाता कोण होणार, या काळजीनं मला जेवण जाईना. तर शेजारच्या खोलीतून मावशी आपणहून आली, कृपाची टाळू चाचपली आणि म्हणाली, "हिचा सैतान मी सोडते. पण बाप म्हणून तुलाही बोलावं लागेल. बोलता येतं का?"

येत नव्हतं. चार माणसांत उभं राहिलं की माझं तोंड कोरडं पडतं. मावशीनं तालीम लावली. कृपाच्या जागी एक डांगर, आपला लाल भोपळा, माझ्या हातात दिलं, त्याला टोपडं घातलं आणि पाळकसाहेबांचा आवाज काढून विचारलं, "सैतान सोडता काय?"

"सोडतो," मी म्हणालो आणि डांगर सोडलं.

माझा दोष नाही. गोदामात आम्ही चौघं मिळून पेटी उचलतो. मुकादम "सोड!" म्हणाला की चौघांनी एकदम सोडायची. एकानं उशीर केला तर बोटं जातात. नऊ वर्षं हाताला तीच सवय.

मावशीनं फुटलेल्या डांगराकडे बघितलं. मग झोपलेल्या कृपाकडे बघितलं. "अरे बाबा, तोंडानं सोड. हातानं नको!"

त्या आठवड्यात तीन डांगरं फुटली. रोज जेवायला डांगराच्या गोड घाऱ्या. शेवटी बायको म्हणाली, "मावशी, पोरगी मीच धरते ना."

"नाही," मावशी एकदम तडकली. "बापानंच धरायची. सैतान कुणीही सोडेल. पोरगी धरता आली पाहिजे."

चौथं डांगर वाचलं.

रविवारी चर्च गच्च भरलेलं. मी कृपाला असं आवळलं की ती लालबुंद झाली. मनात एकच, धर, धर, धर. पाळकसाहेबांनी विचारलं, "सैतान आणि त्याची सगळी कामं सोडता काय?"

मी खणखणीत आवाजात म्हणालो, "धरतो!"

मागच्या बाकावर शमुवेलला हसू फुटलं. मला वाटलं, संपलं. माझ्यामुळं माझ्या लेकराला जन्माचा सैतान लागला.

मावशी पुढं सरकली. "पाळकसाहेब, त्यानं पोरगी धरलीय. ते बरोबरच आहे. पुन्हा विचारा."

त्यांनी पुन्हा विचारलं. "तोंडानं," मावशी कानात पुटपुटली.

"सोडतो," मी म्हणालो. कृपा हातातच राहिली.

नंतर मावशीनं रजिस्टरात सही केली, अगदी जीभ बाहेर काढून, सावकाश. मी कौतुकानं विचारलं, "मावशी, तुमच्या वेळी कुणाची सही होती?"

"शिक्का होता."

"म्हणजे?"

"मला कुणीतरी मिशनच्या वसतिगृहाच्या फाटकापाशी सोडलं होतं. धर्ममातेच्या रकान्यात वसतिगृहाचा शिक्का आहे." ती हसली. "शिक्का काय सैतान सोडणार? वसतिगृह फक्त मे महिन्यात सुट्टीला सोडतं. तेही न्यायला कुणी आलं तर."

बोलता मला येतच नाही. पण आठवडाभर घोकलेला एकच शब्द तोंडात तयार होता.

"मावशी, तुमच्या वतीनं मी सोडला तर चालेल?"

मावशीनं पेनाचं टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं.

"सोड," ती म्हणाली. "पण पोरगी आधी इकडं दे."