नानांचं बंदर

आमच्या शेजारचे नाना चोपड्यात राहून समुद्राकाठी घर शोधतात. कारण त्यांच्याकडे होडी आहे. खरी, शिडाची, स्वतः बांधलेली. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवून ते निवृत्त झाले आणि परसात विटांवर त्यांनी तिचा सांगाडा उभा केला. शीड गल्लीतल्या गादीवाल्यानं शिवून दिलं.

उन्हाळ्यात लाकूड सुकून फळ्यांमध्ये फटी पडतात. म्हणून बैलगाडीची चाकं भिजत घालावीत तसे नाना रोज सकाळी होडीवर ओली पोती टाकतात, नळाला चार दिवसांनी पाणी येतं तेव्हासुद्धा.

"नाना, होडी पाण्यावर असते. पाणी होडीवर नसतं," मी एकदा सुनावलं.

"सवय लागाले जोयजे ना तिले, ताई."

संध्याकाळी केळीच्या बागांवरून वारा येतो. शीड फुगतं. नाना सुकाणू धरून बसतात आणि पलीकडे सातपुडा निळा होत जातो. मला कबूल करायला हवं, अशा वेळी डोंगर जरा लाटांसारखे दिसतात. मग माझ्या कुकरची शिटी होते.

दर हिवाळ्यात नानांची लेक चार दिवस माहेरी येते आणि नाना कोकणात 'स्थळं बघायला' जातात. परत आले की मला नकार ऐकवतात. सुरुवात ठरलेली, "बठ्ठं बेस शे, पन..." म्हणजे सगळं छान आहे, पण. श्रीवर्धनला भरताची वांगी मिळत नाहीत. वेंगुर्ल्याचे लोक इतकं हळू बोलतात की भांडता येत नाही. एका गावी सगळं जमलं, तर घराचं तोंड दक्षिणेला.

"मुलीचा बापसुद्धा इतके नकार देत नाही," मी म्हणाले.

"बापले पोरीना संगे सासरी ऱ्हावानं नही ऱ्हास, ताई. माले ऱ्हावानं शे."

अक्का म्हणजे नानांच्या पत्नी. दोन वर्षांपासून त्यांना विसर पडतो. सकाळी देवळात जातात आणि परतीची वाट हरवतात. कधी भाजीवाली आणून सोडते, कधी मी.

यंदा नाना खुशीत परतले. खाडीकाठी घर, पायरीलाच होडी बांधायची सोय, वांगीसुद्धा. घरमालकाला रविवारपर्यंत उत्तर हवं होतं.

रविवारी सकाळी मी होडी न्यायला ट्रकवाल्याचा नंबर घेऊन गेले. अक्का देवळात गेल्या होत्या. नाना होडीत बसले होते, फोन हातात.

"ताई, आठे ती चुकनी ते कोन्ही बी घर लई येस. तठे तिले कोन वळखी?"

मी नंबर पर्समध्ये टाकला.

नानांनी फोन लावला आणि ठेवणीतल्या मराठीत म्हणाले, "घर फार छान आहे साहेब. पण तुमची खाडी आमच्या होडीला उथळ पडते."

पलीकडचा माणूस बराच वेळ आपल्या खाडीची बाजू मांडत होता. नाना मान हलवत ऐकून घेत होते आणि फाटकाकडे बघत होते. अक्कांची यायची वेळ होऊन गेली होती. मी चपला घालून देवळाकडे निघाले.