साडेबावीस अंशांची विशेष वाढ

बाभुळगावच्या एका शाळेत नववीत शिकणाऱ्या सुरभीने गृहपाठातले एक उदाहरण बरोबर सोडवले. प्रकरणाची सुरुवात एवढीच.

त्रिकोणाच्या कोनांचे गुणोत्तर २:३:४ आहे, तर सर्वांत मोठा कोन किती? सुरभीने एकशे ऐंशीला नवाने भागले, चाराने गुणले आणि लिहिले ऐंशी. गृहपाठ पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर नव्वद छापले होते. सबब वहीत लाल फुली पडली. गणित शिबिरासाठी शाळेला दोनच जागा होत्या, त्याही पैकीच्या पैकी गुणवाल्यांना.

सुरभीची आई विमलताई शिवणकाम करतात. कापड तिरपे कापले तर काय होते हे त्यांना ठाऊक असल्याने त्या शाळेत गेल्या. गणिताचे धरमसिंग सर सज्जन माणूस. त्यांनी दार लोटून घेतले आणि म्हणाले, “ताई, ऐंशीच बरोबर हाय. पण मले पुस्तिकेपरमानंच तपासा लागते.”

मग मायलेकी एसटीने यवतमाळच्या गृहपाठ समन्वय कक्षात गेल्या. लिपिक पूनमसिंग यांनी तक्रार शांतपणे ऐकली आणि त्रिकोण मूळ स्वरूपात सादर करण्यास सांगितले. विमलताईंनी पुठ्ठ्याचा कापून नेला. कोन ऐंशी भरला. त्यांचा कोनमापक प्रमाणित नव्हता, म्हणून कक्षाचा काढला. त्यातही ऐंशीच भरल्याने तो दुरुस्तीस पाठवण्यात आला.

अखेर समिती बसली. पुस्तिकेच्या साठ हजार प्रती वाटून झाल्या असल्याने तिचे चुकणे प्रशासकीयदृष्ट्या शक्य नव्हते. मोठा कोन नव्वद, तर उरलेले पंचेचाळीस आणि साडेसदुसष्ट. एकूण दोनशे अडीच. समितीची बेरीज अचूक होती, हे मान्य केलेच पाहिजे. त्यानुसार चालू वर्षापुरती त्रिकोणाला साडेबावीस अंशांची विशेष वाढ मंजूर झाली. चौकोनाचा अर्ज विचाराधीन राहिला.

शिकवणीवाल्यांनी आठवड्यातच नव्या बेरजेच्या तुकड्या सुरू केल्या. शाळेने मोईन सुतारांकडे सुधारित त्रिकोण करायला टाकला. तीन दिवस खटपट करून त्यांनी तो आणून दिला; एक कोपरा उघडाच होता, कारण तिसरी पट्टी जुळायला तयार नव्हती. तो तसाच कार्यालयाच्या भिंतीवर लावला.

चाचणीत तेच उदाहरण येणार होते. नव्वद लिही, जागा तुझी, असे धरमसिंग सरांनी सुरभीला परोपरीने समजावले.

“लिहिता तं येते सर,” ती म्हणाली, “पण मंग पुढचं उदाहरण कायच्या भरोशावर सोडवू?”

तिने ऐंशी लिहिले आणि तिचा एक गुण गेला. मात्र पालकसभेत सर अचानक उभे राहिले. ऐंशी बरोबर वाटणाऱ्या पालकांनी हात वर करावेत, निम्मे हात आले तरी आपण फेरतपासणी करू आणि होईल ते भोगू, असे त्यांनी जाहीर केले.

विमलताईंचा हात गेला. सरांनी स्वतःचाही वर केला.

आम्ही एकशे तीन पालक पंख्याकडे पाहू लागलो. मी गणितात पदवीधर आहे. पण माझ्या नयनला पैकीच्या पैकी होते, आणि शिबिराच्या यादीत तिचे नाव दुसरे होते.

आपण हसलात, ठीक आहे. शेजारच्या खुर्चीवर आपण असता, तर आपला हात किती अंशांत उठला असता?