सात नंबरची ऊब कोणी पळवली?

"लिहा, मेहुणे," दाजी म्हणाले. "बारीक नजर, तल्लख बुद्धी, आणि वाऱ्यालाही चाहूल लागणार नाही असं पाऊल. लिहिलंत?"

"पावलापर्यंत लिहिलं," मेहुणा म्हणाला. "पण दाजी, आत्ताच तुम्ही बादलीत पाय घातलात."

"ती बादली ताब्यात घ्या आणि पुढे लिहा. गुन्हेगार ज्याचं नाव ऐकताच चळाचळा कापतात..."

"नाव काय लिहू?"

"नाव लिहायचं नसतं. मग गुप्तहेर कसला?"

अशा रीतीने तपासवहीचं पहिलं पान भरलं. बादलीची नोंद दुसऱ्या पानावर गेली.

दाजी एकतीस वर्षं वजनमापं तपासणीस होते. बाजारातला एकही तराजू त्यांनी सुखाने डोलू दिला नव्हता. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी माणसं तपासायला घेतली. आजवर दोन प्रकरणं त्यांच्या नावावर जमा होती. एक हरवलेल्या मांजराचं. ते मांजर हरवलंच नव्हतं, दाजींना बघून कपाटावर चढलं होतं. दुसरं धमकीच्या पत्राचं. ते दातांच्या डॉक्टरांनी पाठवलं होतं.

मेहुणा म्हणजे दाजींच्या बायकोचा धाकटा भाऊ. सकाळी चष्म्याच्या दुकानात काचांच्या कडा घासून फ्रेममध्ये बसवायचा आणि दुपारी दाजींच्या तावडीत सापडायचा. तपास चालू असला की दाजी त्याला अहोजाहो करत, नसला की "ए गाढवा." त्यामुळे तपास चालू असलेला त्यालाही बरा वाटे. दाजींनी हाक मारून मारून अख्खी वस्ती त्याला मेहुणा म्हणू लागली होती. त्याचे स्वतःचे सासरेही त्याला मेहुणाच म्हणत, आणि वर विचारत, "कुणाचा रे?"

या वेळचं प्रकरण मात्र खरोखरचं होतं.

पुढच्या गल्लीत एका रांगेत, भिंतीला भिंत लावून सात घरं होती. थंडीत ती इतकी गारठत की लोक घरात शिरताना कोट घालत. शेवटी गल्लीतल्याच माणसांनी कंबर कसली. शाळेतून निवृत्त झालेल्या पी.टी.च्या बाई पुढे झाल्या, गळ्यातली शिट्टी फुंकली आणि ऊब मंडळ उभं राहिलं. दर शनिवारी सगळे जमायचे. कुणी माळ्यावर जाड रोधक थर अंथरायचं, ज्याला सगळे "गादी" म्हणत. कुणी दारांच्या फटींना रबर लावायचं. कुणी जुन्या खिडक्या काढून दुहेरी काचेच्या बसवायचं. सामान नगरपालिकेच्या ऊर्जा कार्यालयाने दिलं, पण एका अटीवर. थंडीच्या तीन महिन्यांत सातही घरांचा मिळून वीजवापर पंचवीस टक्क्यांनी उतरला पाहिजे. उतरला, तर मागच्या गल्लीलाही सामान मिळेल. नाहीतर राम राम.

मेहुणा मागच्या गल्लीत राहायचा. त्याच्या घरी ओल इतकी, की सासऱ्यांची खाट एकाच हिवाळ्यात तीन भिंतींवरून हलवली होती. आता चौथीच उरली होती आणि तिच्यात दार होतं.

दोन महिने संपले. सहा घरांचा वापर धाडकन खाली आला. सात नंबरचा मात्र दीडपट झाला! सगळ्यांची सरासरी बावीसवर अडकली. मंडळाचा वायरमन येऊन तपासून गेला: गादी जागेवर, फटी बंद, मीटर ठीक. पी.टी.च्या बाईंनी शिट्टी बाजूला ठेवली आणि, दुसरा उपायच न उरल्यामुळे, दाजींना बोलावलं.

सात नंबरमध्ये तिकीटआजी एकट्या राहत. नाट्यगृहाच्या खिडकीत बसून पस्तीस वर्षं तिकिटं विकलेली बाई. आवाज खणखणीत, स्मरण पक्कं, कोण कोणाबरोबर कोणत्या खेळाला आलं होतं हे त्या अजूनही सांगू शकत, आणि म्हणून काही लोक रस्ता बदलत.

दाजींनी रस्त्यावरूनच त्यांच्या खिडकीच्या चौकटीवर दोन्ही कोपरं टेकली आणि जबानी सुरू केली. मेहुणा शेजारी मफलर आवळून वही घेऊन उभा राहिला. आजी आत खुर्चीत होत्या. अंगावर शाल, पायाशी रसरसलेला हीटर.

"आजी, घरात काही संशयास्पद आवाज?"

"आवाजच नाही हो कसला!" आजी म्हणाल्या. "तेच तर..."

"लिहा, मेहुणे. साक्षीदार कानाने कमजोर."

"मी कानाने कमजोर? तीन घरं पलीकडे चमचा पडला तर कुणाचा ते सांगायचे मी."

"आणि स्वभावाने तापट," दाजी म्हणाले. "तेही लिहा. उष्णतेशी संबंध असू शकतो."

त्या संध्याकाळी दाजींना सर्दी झाली. मेहुण्याच्या मते ती थंडीने झाली होती. दाजींच्या मते कोणीतरी केली होती.

पहिला संशय शेजारच्या इस्त्रीवाल्यावर गेला. वीजचोरी! दिवसभर इस्त्री चालवून त्याचा वापर कमी कसा? दाजींनी दोन घरांमधून गेलेली एक काळी तार हेरली आणि तिच्या मागे निघाले. तार इस्त्रीवाल्याच्या खिडकीवरून, पत्र्यावरून, मागच्या अंगणात गेली. दाजी पत्र्यावरून गेले, कारण गुप्तहेर दारातून जात नाही. तारेच्या शेवटी इस्त्रीवाल्याचे सासरे उभे होते आणि त्यांच्या हातात ओला पायजमा होता.

"वाळत घालायची दोरी आहे," मेहुणा खालून म्हणाला.

"मला दिसतंय."

"दिसतंय तर सोडा की. पायजमे खाली येतायत."

इस्त्रीवाल्याने हसत सांगितलं की गेलं वर्षभर तो दुकानातच इस्त्री करतो, घरात फक्त झोपतो. दाजींनी सहा पायजमे पिळून परत वाळत घातले आणि तपासाला नवी दिशा दिली.

दुसरा संशयित चौकातला हीटरवाला. लोकांची घरं उबदार झाली तर नुकसान कुणाचं? त्याचंच! दाजी गिऱ्हाइकाचं सोंग घेऊन दुकानात शिरले. "आता याच्या पोटातलं काढून घेतो," असं मेहुण्याच्या कानात सांगून गेले होते. पाऊण तासाने बाहेर आले तेव्हा काखेत खोकं होतं.

"काय काढलंत?" मेहुण्याने विचारलं.

"हीटर," दाजी म्हणाले. "माणूस भलता चतुर आहे. दोन वर्षांची हमी देतो."

"म्हणजे तो गुन्हेगार?"

"नाही. असा गोड बोलणारा माणूस गुन्हेगार असेल तर मला हीटर परत करावा लागेल."

दिवस पळत होते. मेहुणा रोज दुकानातून येताना सात नंबरच्या मीटरवर नजर टाकायचा. चाक गरगर फिरत असायचं. काच घासताना त्याच्या डोळ्यांपुढे सासऱ्यांची खाट यायची. एकदा त्याने वाचायच्या चष्म्यात दूरच्या नंबराची काच बसवली आणि मालकाची बोलणी खाल्ली. दाजींना म्हणावं का, की आता पुरे? पण अख्ख्या वस्तीत या प्रकरणाच्या मागे एवढा लागलेला दुसरा माणूसही नव्हता. शिंकत का होईना, दाजी रोज येत होते.

बाराव्या दिवशी दाजींना साक्षात्कार झाला.

"मेहुणे, घरात एक माणूस आहे आणि वापर दोघांचा आहे. याचा अर्थ काय?"

"काय?"

"माळ्यावर कोणीतरी राहतंय."

"माळ्यावर गादी आहे, दाजी."

"तेच म्हणतो! आयती गादी असताना कोण सोडेल?"

मेहुण्याने परोपरीने सांगितलं की वर चालायचं तर फक्त तुळयांवर पाय द्यायचा, मधल्या भागात नुसतं पातळ लाकडी छत आहे. दाजी म्हणाले, आपलं पाऊल वाऱ्यालाही कळत नाही. ते शिडी चढले. थोडा वेळ वरून सरपटल्याचा आवाज आला, मग एक प्रचंड शिंक, मग काडकन काहीतरी मोडलं. आजींच्या डोक्यावर, बरोबर दिव्याशेजारी, दाजींचा उजवा पाय पायमोज्यासकट प्रकट झाला.

"सापडला!" आजी ओरडल्या. "माळ्यावरचा माणूस सापडला!"

आवाज ऐकून गल्ली धावली. इस्त्रीवाला आला, त्याचे सासरे आले, वायरमन आला, पी.टी.च्या बाई शिट्टी वाजवत आल्या. खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. एक पाय तर आधीच छताला होता. कोणी म्हणालं वर ओढा, कोणी म्हणालं खाली ओढा. आजी खुर्चीवर उभ्या राहून सगळ्यांना जागा वाटून देत होत्या: "तुम्ही पुढे, तुम्ही कडेला, उंच माणसांनी मागे!" त्यांचा चेहरा असा फुलला होता की मेहुणा छताकडे बघायचं सोडून त्यांच्याकडेच बघत राहिला.

तेवढ्यात ताई आली. ताई म्हणजे दाजींची बायको. लेकीच्या बाळंतपणासाठी ती दोन महिने तिच्याकडे होती, आणि गावात उतरून अजून तास झाला नव्हता. घरात नवरा नाही, जेवणाच्या टेबलावर नवाकोरा हीटर. शोधत शोधत इथवर पोचली होती. तिने वर लटकणाऱ्या पायाकडे पाहिलं.

"हा मोजा मी विणलाय," ती म्हणाली. "अहो! तुम्हीच ना ते?"

"तपास चालू आहे," छतातून आवाज आला.

"चालू द्या." तिने खांद्यावरची शाल डोक्यावरून घेतली आणि इकडेतिकडे पाहिलं. "पण इतकं गार वारं कुठून येतंय? आणि आजी, एवढ्या थंडीत खिडकी सताड उघडी का?"

वीस माणसांनी एकदम खिडकीकडे मान वळवली. खिडकी उघडी होती. खिडकी रोजच उघडी असायची. आजी वर्षानुवर्षं तिथे बसलेल्या दिसत, येणारे-जाणारे हात हलवत, आणि म्हणूनच कोणाच्या ते डोळ्यांत भरलं नव्हतं. मेहुण्याला आठवलं, बारा दिवस आपण त्याच चौकटीवर वही टेकवून लिहीत होतो. नजरेच्या धंद्यातला माणूस, आणि ही त्याची नजर! त्याचे कान लाल झाले.

"मी तपासायला आलो तेव्हा बंद होती," वायरमन म्हणाला.

"पाहुणा आला की मी लावते," आजी खुर्चीवरून उतरत म्हणाल्या. "त्याला थंडी वाजायला नको. आज तेवढी सवड दिलीत कुठे?"

"मग एरवी का उघडता?" पी.टी.च्या बाईंनी विचारलं.

आजींनी शालीचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुम्ही खिडकी फार छान बसवलीत हो. सगळे शनिवार राबलात. तिला मी नावं कशी ठेवू? पण ती लावली की काहीच ऐकू येत नाही. आधी कसं, फटींतून सगळं यायचं. या इस्त्रीवाल्याच्या सासऱ्यांचा खोकला, मुलांची भांडणं, बाईंची शिट्टी. आता लावली की वाटतं, सगळी वस्तीच उठून गेली कुठेतरी. म्हणून सकाळी उघडते, निजताना लावते. आणि गार येतं तर हीटर लावतेच की मी! म्हटलं, भरपाई होते."

इस्त्रीवाल्याचे सासरे उगाचच खोकले.

"मी पहिल्याच दिवशी सांगत होते," आजी म्हणाल्या. "यांनी कानाने कमजोर असं लिहून घेतलं."

"ते मी लिहिलं," मेहुणा म्हणाला. "चुकलंच."

"आधी मला काढा," छत म्हणालं.

दाजींना वर ओढून काढलं, आणि ताईने त्यांच्याकडूनच दुसऱ्या दिवशी फळी बसवून घेतली. पण खिडकी बंद करा असं आजींना कोणी सांगेना. सांगायचं कुठल्या तोंडाने? शेवटी मेहुण्यानेच सुचवलं. मंडळाच्या बैठका पी.टी.च्या बाईंच्या जिन्याखाली भरत. त्या इथे भरवल्या तर? सामानाची यादी, शनिवारच्या पाळ्या, तक्रारी, सगळं इथेच. आजींना पाळ्या लावायची सवय होती. त्यांनी तिथल्या तिथे चिठ्ठ्या फाडून प्रत्येकाला नंबर दिला, आणि भांडणाऱ्या दोघांना मुद्दाम शेजारचे.

त्या दिवसापासून माणसं आत आणि खिडकी बंद. कोणीतरी सतत दार ठोठावत असायचं, ते नीट लावूनही घ्यायचं. सात नंबरचं चाक मंदावलं. महिनाअखेरीस तीन महिन्यांचा हिशेब निघाला तेव्हा ऊर्जा कार्यालयातल्या बाईंनी आकडा दोनदा तपासला: पंचवीस पूर्णांक दोन. पी.टी.च्या बाईंची शिट्टी त्या दिवशी दोन गल्ल्या पलीकडे ऐकू गेली, दुहेरी काचांतूनसुद्धा.

वसंतात मागच्या गल्लीत काम निघालं. मेहुण्याच्या घराची ओली भिंत सोलून कोरडी केली, आतून थर लावला, आणि सासऱ्यांची खाट पहिल्या भिंतीला परत गेली. सासरे भिंतीला हात लावून बघत आणि दाजींना म्हणत, "तुमचा मेहुणा कामाचा आहे." दाजी म्हणत, "तयार कोणी केला?"

पुढच्या हिवाळ्यात ऊर्जा कार्यालयाच्या बाई तापमानाचा आलेख घेऊन सात नंबरमध्ये आल्या. सगळं मंडळ जमलेलं होतं. एक गोष्ट त्यांना उलगडत नव्हती. मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी चार ते सहा, हीटर बंद असतानाही खोली दीड अंशाने तापत होती.

"या वेळात इथे काय चालतं?" त्यांनी विचारलं.

दाजी घसा साफ करून पुढे सरसावले. "बाई, याच्या तीन शक्यता आहेत. पहिली शक्यता अशी..."

आजींनी बाईंच्या कानाला लागून दोन शब्द सांगितले. बाईंनी दाजींकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या तापमापकाकडे पाहिलं. पारा हलू लागला होता. त्यांनी मान डोलावली, आणि अहवालात 'उष्णतेचे इतर स्रोत' या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं: एक गृहस्थ, बोलके.