पुढचं डावं चाक

"मॅडम, गाडी रोज थोडी तरी फिरवत जा. इकडं खाडीची हवा हाय. उभी गाडी लवकर बिघडते," असं हिरामणने सुरुचीला ड्रायव्हिंग क्लासच्या शेवटच्या दिवशी बजावलं होतं. हिरामण वसईचा. सकाळी गाडी शिकवायचा, दुपारी गाड्या दुरुस्त करायचा आणि दोन्ही वेळेला सल्ले द्यायचा. सुरुचीने "हो हो" म्हटलं होतं. क्लच, गियर आणि मागच्या सीटवर भोकाड पसरलेला अडीच वर्षांचा मुलगा आयुष, एवढ्यांनी तिचं डोकं भरलेलं होतं. तिथे हवेला जागा नव्हती.

मग आयुषला खोकला झाला. दीड महिना दोघं घरात, आणि गाडी नायगावच्या त्या बावीस मजली टॉवरच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभी. आयुषचा खोकला गेला आणि गाडीला कंठ फुटला. ब्रेकवर पाय ठेवला की असा चीत्कार उठायचा की पार्किंगमधली कबुतरं एका खांबावरून दुसऱ्या खांबावर जाऊन बसायची.

"विकून टाकू," तिचा नवरा हर्षवर्धन पुण्याहून फोनवर म्हणाला. त्याची नोकरी तिकडे. तो एक शनिवार सोडून नायगावला यायचा. "उभीच तर असते. वर ओरडते. या शनिवारी आलो की बघतोच."

"ओरडते म्हणून विकायचं? मग आयुषचं काय करायचं?"

"सुरुची, मी सीरियसली बोलतोय."

"मीपण."

आणि ती खरंच गंभीर होती. दुपारी आयुषचे डोळे मिटायला लागले की ती त्याला मागच्या सीटवर पट्टा बांधून बसवायची आणि पेट्रोल पंपापर्यंत जाऊन यायची. पंपावरची बाई म्हणायची, "झीरो बघा, मॅडम." कित्येक दिवशी मोठ्या माणसाने तिच्याशी समोरासमोर बोललेलं तेवढं एकच वाक्य असायचं. म्हणून सुरुची टाकी कधी पूर्ण भरून घेत नसे.

बिल्डिंगमध्ये माणसं नव्हती असं नाही. पण बाहेर पडण्याआधी सुरुची दाराच्या भिंगाला डोळा लावायची आणि लिफ्टसमोरची जागा मोकळी झाली की मगच कडी काढायची. शेजारच्या चौदाशे तीनमधली पिंकी किती वाजता दूध आत घेते, जिमला कुठले बूट घालून जाते, पार्सलवाल्याशी कशी भांडते, सगळं सुरुचीला पाठ होतं. फक्त तिच्याशी बोलायचं राहून गेलं होतं. दोन वर्षं.

बुधवारी तिने हिरामणला फोन लावला.

"कुठलं चाक वरडतंय?"

"मला कसं कळणार? मी तर आत असते."

"मग कुनाला तरी बाहेर उभं करा. तुम्ही हळूहळू चालवा न् ब्रेक दाबा. बाहेरच्याला बरोबर कळतं. शुक्रवारी मी नायगावलाच येतोय, एक चाक खोलून देतो. चारी खोलायला टाइम नाय."

"कुणाला उभं करू?"

"कुनालापन करा ना! एवढी मोठी बिल्डिंग हाय."

फोन ठेवल्यावर सुरुचीने सोसायटीचा ग्रुप उघडला. 'नमस्कार, कुणाला पाच मिनिटं वेळ असेल तर' एवढं लिहिलं, खोडलं, 'नमस्कार' ठेवलं, मग तेही खोडलं. ब्रेकचे व्हिडिओ पाहिले, तर ते सगळेच्या सगळे 'एखाद्या मित्राला मदतीला घ्या' इथून सुरू होत होते. मित्र कुठून आणायचा, यावर व्हिडिओ नव्हता.

गुरुवारी दुपारी तिला जुना फोन आठवला. तो फोन आयुषच्या उशाशी असायचा. त्यात एक ॲप होतं. खोलीत बाळ रडलं की आईबापाच्या फोनवर लगेच निरोप जायचा. पुण्यातल्या बापालाही कळू दे पोर कसं रडतं, म्हणून हर्षवर्धनच्या फोनवर ते तिनेच हट्टाने घालून दिलं होतं. आता तिने ठरवलं की हा फोन एकेका चाकाजवळ चिकटवायचा, आवाज रेकॉर्ड करायचा आणि पार्किंगमध्ये एकेक फेरी मारायची. ज्या चाकाचा आवाज सगळ्यांत मोठा, तो गुन्हेगार. बीएस्सीच्या जर्नलमध्ये शोभला असता असा प्रयोग होता.

आयुष मागे गाढ झोपला. ब्रेकच्या किंचाळण्याची त्याला सवय झाली होती, पण रिंगने झोप मोडू नये म्हणून तिने स्वतःचा फोन सायलेंट करून डायपरच्या बॅगेत टाकला. जुना फोन चाकावरच्या पत्र्याला खाकी टेपने चार वेढे देऊन बसवला. रेकॉर्डिंग चालू केलं. ॲप बंद करायचं मात्र राहिलं.

गाडी निघाली. ब्रेक. किंऽऽऽच!

पुण्यात मीटिंगमध्ये बसलेल्या हर्षवर्धनच्या फोनवर निरोप आला: 'आयुष रडतो आहे.' त्याने तो बाजूला सारला. आयुषला दुसरं कामच नव्हतं. दुसऱ्या चाकाच्या वेळी आलं: 'आयुष अजून रडतो आहे.' तिसऱ्याला: 'आयुष खूप मोठ्याने रडतो आहे. ऐका.' तो बाहेर जाऊन ऐकू लागला. तो आवाज त्याच्या मुलाचा वाटत नव्हता. पण भयंकर अवस्थेत आपला मुलगा कसा ओरडेल याचा त्याला अनुभव नव्हता. त्याने सुरुचीला नऊ वेळा फोन केला. दहाव्यांदा त्याने सोसायटीचे सेक्रेटरी श्रीपतकाका यांना लावला.

श्रीपतकाका निवृत्त झाल्यापासून अशाच एखाद्या प्रसंगाची वाट पाहत होते. ते वॉचमनला घेऊन चौदाव्या मजल्यावर पोचले, बेल वाजवली, दाराला कान लावला.

"साहेब, आतून काहीच आवाज येत नाही."

"अहो, मला इथे पुण्यात येतोय!"

"असं? म्हणजे प्रकरण जास्तच गंभीर आहे," श्रीपतकाका म्हणाले आणि त्यांनी ग्रुपवर टाकलं: '१४०४ मध्ये लहान बाळ एकटे. आई बेपत्ता. दार बंद.' पंधरा मिनिटांत पंचवीस माणसं वर जमली. कुणीतरी स्टेशनसमोरच्या चावीवाल्याला स्कूटरवर घालून आणलं.

खाली सुरुचीच्या चारही फेऱ्या झाल्या होत्या. तिने टेप सोडवून जुना फोन बॅगेत टाकला, झोपलेल्या आयुषला खांद्यावर घेतलं आणि लिफ्टची वाट पाहत उभी राहिली. बऱ्याच वेळाने लिफ्ट आली. आत तीन बायका होत्या आणि चौदाचं बटण आधीच दाबलेलं होतं. सगळ्या मोबाईलमध्ये डोळे घालून होत्या.

वर दार उघडलं तर हा घोळका. आयुषला सावरत सुरुची पुढे झाली. तिने जवळच्या बाईला विचारलं, "काय झालं हो?" ती पिंकी होती.

"अगं, बाळ अडकलंय आत! कधीपासून रडतंय, बापाला पुण्यात ऐकू येतंय, विचार कर!"

बाळ हा शब्द कानावर पडला की सुरुचीला पुढचं-मागचं काही ऐकू येत नसे. "अरे देवा!" ती म्हणाली. "केवढं आहे?"

"दोन-अडीच वर्षांचं. आणि ही चौदाशे चारवाली आत कोंडून गेलीय कुठेतरी. कशा आया असतात ना एकेक!"

चौदाशे चार. आकडा हळूहळू सुरुचीच्या डोक्यात उतरला. "अहो, पण ते घर…"

"तू आधी पोराला घेऊन मागे हो. ड्रिल चालू आहे, त्याच्या डोळ्यांत उडेल काहीतरी."

"अहो, ते घर…"

"तेच तर! त्या घरात पहिल्यापासून काहीतरी वेगळंच आहे. मी बाजूला राहते ना, दोन वर्षांत एकदा पण बघितली नाय तिला. तू कितव्या फ्लोअरची?"

"चौदाव्या," सुरुची म्हणाली.

"हाच तर चौदावा आहे!"

"हो."

एवढ्यात कुलूप निखळून लादीवर पडलं. "सरका, सरका!" श्रीपतकाका ओरडले. त्यांच्या हातात व्हिडिओ कॉल चालू होता. "साहेब, शिरतोय आत! आख्खी सोसायटी तुमच्या पाठीशी आहे, हे बघा!" म्हणत त्यांनी फोन गर्दीवरून गोल फिरवला.

"थांबा!" फोनमधून हर्षवर्धन किंचाळला. "मागे! ती पिवळी ओढणी! ती माझी बायको आहे! आणि तिच्या खांद्यावर आयुष आहे!"

पंचवीस माना एकदम वळल्या. चावीवाल्याने ड्रिल बंद केलं. त्या शांततेत आयुषने डोळे उघडले, एवढी सगळी तोंडं एकत्र पाहिली आणि खरोखरचं रडायला सुरुवात केली. बॅगेतल्या जुन्या फोनने ती बातमी इमानदारीने पुण्याला कळवली.

ब्रेकचं ऐकल्यावर जो तो म्हणाला, "अगं, मग मला हाक मारायचीस ना!" पंचवीस जण पंचवीस वेळा तेच म्हणाले आणि आपापल्या घरी गेले. चावीवाला नवीन कुलूप संध्याकाळी आणणार होता. दाराला मुठीएवढं भोक पडलेलं. सुरुची उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसली आणि तिने चारही रेकॉर्डिंग ऐकली. चारही सारखीच किंचाळत होती.

"पुढचं डावं," कुणीतरी म्हणालं.

तिने वर पाहिलं. दुसऱ्या मजल्यावरच्या मटिल्डा आंटी धापा टाकत उभ्या होत्या. पांढरे केस, फुलाफुलांचा झगा, एक हात भिंतीला.

"काय म्हणालात?"

"तुझं चाक गो. पुढचं डावं ओरडतं. माझी बेडरूम रॅम्पवरच आहे ना. तू वर येताना वळतेस तेव्हा डाव्या बाजूनेच येतो आवाज. पंधरा दिवस ऐकतेय."

"मग बोलला नाहीत कधी?"

"तू मान खाली घालून जातेस, बोलू कुणाशी? आणि खरं सांगू, बाय?" आंटी आत येऊन सोफ्यावर टेकल्या. "मला बरं वाटायचं. जॉयल माझा कॅनडाला. दुपारी घरात फ्रिजचा आवाज, दुसरं काय? तुझी गाडी ओरडली की वाटायचं, चला, कुणीतरी घरी परत आलं."

सुरुची चहा ठेवायला उठली आणि सवयीने एकच कप पाणी घातलं. मग आणखी एक घातलं.

शुक्रवारी हिरामणने पुढचं डावं चाक खोललं. ब्रेकच्या पॅडवर गंज आणि धुळीचा थर बसून तो गुळगुळीत झाला होता. त्याने पॉलिश पेपर मारला, डिस्क पुसली, चाक चढवलं. मटिल्डा आंटी रॅम्पच्या कडेला परीक्षक म्हणून उभ्या होत्या. "पुन्हा चालव. परत दाब. हं… पास!"

"अशी मानसं पायजेत बघा, मॅडम," हिरामण पाना पुसत म्हणाला. "निम्मं काम तितंच होतं."

शनिवारी हर्षवर्धन आला आणि दोघं गाडीने वसईला जाऊन आले. तो प्रत्येक वळणावर मुद्दाम ब्रेक दाबत होता आणि सुरुची निकालाच्या दिवशी बघावं तशी त्याच्या तोंडाकडे बघत होती. ब्रेक चकार शब्द बोलेना.

"कमाल केलीस गं," तो म्हणाला. "अशी गाडी विकायची नाही आपण."

सुरुचीने किती दिवसांनी छाती भरून श्वास घेतला.

"फक्त ती रोज फिरली पाहिजे, तो हिरामण म्हणतो तेच खरं. पुण्यात मला रोज बावीस किलोमीटर जायचं असतं. मीच घेऊन जातो."

रविवारी संध्याकाळी गाडी रॅम्पवरून उतरून गेली. इतकी गुपचूप, की मटिल्डा आंटींना कळलंसुद्धा नाही.

त्यानंतर सुरुची दुपारी आयुषला घेऊन दुसऱ्या मजल्यावर जाऊ लागली. तीन आठवडे हे छान चाललं. मग आंटी म्हणाल्या, "वसईकडे वटार गावात आमचं जुनं घर बंद आहे, झाडून-पुसून येते आठ दिवसांत." त्याला आता बारा दिवस झाले. मंगळवारपासून त्या फोन उचलत नाहीत. कॅनडाहून जॉयल म्हणतो, मम्मी चार्जिंगला विसरते. ग्रुपवर सुरुचीने या वेळी न खोडता विचारलं, तर एकोणीस जणांनी हात जोडलेले इमोजी पाठवले. ती स्वतः रिक्षा करून केव्हाच गेली असती, पण आयुषला दोन दिवस ताप आहे आणि तो मांडीवरून उतरत नाही.

तेव्हा सुरुचीचं एवढं एक काम करा. तुम्ही वटारच्या बाजूला राहत असाल, किंवा तिथून जाणार असाल, तर केळीच्या वाडीला लागून निळ्या खिडक्यांचं एक बैठं घर आहे, तिथे जरा डोकावून या. बेल बंद आहे, हाक मारा. आंटींचे गुडघे दुखतात, दारापर्यंत यायला त्यांना वेळ लागतो. लगेच परत फिरू नका.